एकट्या माणसाचा रविवार

मराठी मुलुखात प्रवासाची जुनी रीत समूहाची आहे. वारीला दिंडी लागते, लग्नाला वऱ्हाड लागते, जत्रेला घरचीच नव्हे तर आळीची माणसे लागतात, आणि एकटा निघालेला माणूस वाटेत भेटला की त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो "कोणाकडे चाललात?" हा. नवस, कार्य, नोकरी किंवा दवाखाना यांपैकी कोणतेही निमित्त न सांगता, केवळ स्वतःच्या आवडीसाठी, एकट्याने दूरच्या शहरात चार दिवस घालवणे ही कल्पना या रीतीत सहजासहजी बसत नाही. म्हणूनच भंडारा जिल्ह्यातील एखादा तरुण मुंबईला जाऊन सकाळी कातळ चढतो, संध्याकाळी समुद्राच्या पुळणीवर बसतो आणि रात्री समलिंगी पुरुषांच्या नृत्यमेळाव्याला जातो, असे म्हटले की ते अलीकडचे, पैशाने आणि मोबाईलने आणलेले खूळ वाटते. वस्तुतः अशा प्रवासाची प्रत्येक सोय मुंबईत कोणीतरी, कधीतरी झगडून किंवा चिकाटीने उभी केलेली आहे, आणि तिचा इतिहास सव्वाशे वर्षांहून मागे जातो. तो इतिहास भंडाऱ्याच्या बाजूने पाहणे उपयोगाचे ठरते, कारण शहराने एकट्या माणसाला काय दिले हे ते जिथे मिळत नाही तिथून अधिक स्पष्ट दिसते.

भंडारा जिल्ह्यात खडक, पाणी आणि रात्रीचे जागरण या तिन्ही गोष्टींची वाण नाही. जिल्ह्याच्या उत्तरेस, तुमसर तालुक्यात, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत, आणि तुमसर रोडहून तिरोडीकडे गेलेला लोहमार्ग या खनिजाच्याच पट्ट्यातून जातो. तुमसरजवळच्या टेकडीवर अंबागड हा गोंड राजवटीच्या काळातील किल्ला उभा आहे. तथापि या भागात खडकाशी माणसाचा संबंध प्रामुख्याने तो फोडण्याचा राहिला. खडक चढून खाली उतरायचे आणि हाती काहीच आणायचे नाही, हा उद्योग खाणकामगाराच्या लेखी निरर्थक असणे स्वाभाविक होते. पाण्याचे तर जिल्ह्याच्या ओळखीशीच नाते आहे. तलावांचा जिल्हा म्हणून भंडारा ओळखला जातो, आणि त्यातील बहुसंख्य तलाव ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावाने नोंदलेले आहेत. मालगुजार म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणारा जमीनमालक. हे तलाव बांधण्याचे कौशल्य विशेषतः कोहळी समाजाचे मानले जाते, आणि १९५० च्या कायद्याने मालकी हक्क संपुष्टात आल्यावर ते सरकारजमा झाले. अशा तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, संध्याकाळी माणसे बसतात हे खरे; पण तलाव धानाचा, मासेमारीचा आणि गुरांचा आहे, पाळीवर येणारा प्रत्येक जण नावाने ओळखला जातो आणि तो तिथे का आला आहे हेही ठाऊक असते.

रात्रीचे असेच आहे. पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्याला, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग यांना, झाडीपट्टी असे नाव आहे, आणि झाडीपट्टीची हिवाळ्यातील रात्र झोपेची नसतेच. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, शंकरपट म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती होतात, आणि त्यांना लागून रात्रभर नाटक, दंडार किंवा खडी गंमत चालते. दंडार आणि खडी गंमत हे नृत्य, गाणे आणि संवाद यांनी बनलेले लोकनाट्याचे प्रकार असून त्यांत स्त्रीची भूमिका पुरुषाने साडी नेसून करण्याची परंपरा आहे. या परंपरेवरून समलैंगिकतेविषयी घाईने काही अनुमान काढणे चुकीचे होईल, कारण स्त्रीवेश ही कला आहे, आणि ती करणारे बहुतेक जण घरसंसाराचे शेतकरी आणि मजूर असतात. येथे मुद्दा वेगळा आहे. झाडीपट्टीची जागती रात्र साऱ्या गावाची असते: मांडवात आजी, सून, शेतमालक आणि गडी एकाच वेळी बसलेले असतात, आणि त्या गर्दीत कोणाला अनोळखी होता येत नाही. पुरुषाकडे ओढ असलेल्या पुरुषाला या रात्रीत करमणूक मिळते, पण आडोसा मिळत नाही.

हा आडोसा मुंबईने पुरवला, आणि तो प्रथम समलिंगी पुरुषांसाठी अजिबात पुरवला गेला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या, गोदी आणि रेल्वे यांनी मुंबईत जी माणसे खेचली त्यांत एकट्या पुरुषांचे प्रमाण फार मोठे होते. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणीकामगार बायकामुले गावी ठेवून येई, आपल्या गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीत पथारीपुरती जागा धरी आणि खाणावळीत जेवे. गोव्याहून आलेला खलाशी किंवा स्वयंपाकी धोबी तलावाच्या परिसरातील ‘कूड’मध्ये, म्हणजे गोव्यातील एकेका गावाने आपल्या माणसांसाठी चालवलेल्या निवासात, उतरे. घराशिवाय जेवण, नात्याशिवाय निवारा आणि ओळखीशिवाय वावर या तीन गोष्टी त्यामुळे मुंबईत विकत किंवा वर्गणीने मिळू लागल्या. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात या सोयीचे मोल पुरेसे नोंदले गेलेले नाही. खाणावळीचा इतिहास कामगारांच्या हालाखीचा म्हणून लिहिला गेला, आणि तो तसा होताच; परंतु एकट्या प्रौढ माणसाला कोणी ‘घरचे कुठे आहेत?’ असे न विचारता ताट वाढले जाणे, ही त्याच खाणावळीने रुजवलेली सवय आहे.

निवाऱ्यानंतर प्रश्न येतो वेळेचा, आणि येथे नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव घ्यावे लागते. महात्मा फुले यांचे सहकारी, सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ या पत्राचे संपादक असलेल्या लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणीकामगारांना संघटित करून सरकार आणि मालक यांच्याकडे मागण्या मांडल्या. त्यांत आठवड्यातून एक दिवस सुटी ही प्रमुख होती. त्या काळी गिरणीतील काम पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत चाले, आणि सुटी मिळे ती सणावाराला किंवा यंत्रे साफ करण्याच्या निमित्ताने. अनेक सभा आणि अर्जांनंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. सरकारी कचेऱ्यांत रविवार ख्रिस्ती धर्मामुळे आधीच सुटीचा होता. गिरणीकामगारांच्या बाबतीत मात्र तो खंडोबाचा वार असल्यामुळे मराठी मनाला परका वाटला नाही. या सुटीने शनिवारची रात्र आणि रविवारचा दिवस असा सलग, कोणाच्याही मालकीचा नसलेला काळ निर्माण केला. कामगारांनी मिळवलेला हा काळ पुढे गिर्यारोहकांनी, चौपाटीवर फिरायला येणाऱ्यांनी आणि फार उशिरा समलिंगी पुरुषांनी आपापल्या परीने वापरला.

गिर्यारोहणाची मुंबईतील परंपरा या रविवारवरच उभी राहिली. १९५४ मध्ये स्थापन झालेली ‘गिरिविहार’ ही शहरातील सर्वांत जुन्या गिर्यारोहण संस्थांपैकी एक असून तिचे स्वरूप आरंभापासून नोकरदार मंडळींच्या हौशी संस्थेचे राहिले आहे. प्रस्तरारोहण, म्हणजे हातापायांच्या बळावर आणि दोराच्या संरक्षणात उभा कातळ चढणे, ही कला शिकवण्यासाठी हिमालय गाठण्याची गरज नव्हती, कारण मुंबई कातळावरच वसलेली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. त्याच काळातील सुमारे ६० मीटर उंचीचा गिल्बर्ट हिल हा स्तंभाकृती सुळका आजही अंधेरीत इमारतींच्या गराड्यात उभा आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीचा डोंगर तर मानवी हातांना फार पूर्वीपासून परिचित आहे: तेथे बौद्ध भिक्षूंनी इसवी सनाच्या आरंभापासून सुमारे हजार वर्षे खोदलेल्या शंभराहून अधिक गुंफा आहेत. प्रत्येक भिक्षूला बसण्या-निजण्यासाठी कातळातच कोरलेला ओटा आणि पावसाचे पाणी साठवणारे टाके अशी तेथील रचना पाहिली की एकट्या माणसाची सोय करण्याचा हा या बेटांवरील पहिला मोठा प्रयत्न म्हणावा लागतो. कान्हेरीच्या परिसरातील आणि मुंब्र्याच्या डोंगरातील कातळांवर मुंबईच्या आरोहकांच्या पिढ्या तयार झाल्या.

या छंदाला शहराच्या लोकलने आकार दिला. शनिवारी कामावरून घरी यायचे, पाठपिशवी उचलायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास सुटणारी शेवटची कर्जत किंवा कसारा लोकल पकडून पहाटे डोंगराच्या पायथ्याशी पोहोचायचे, हा क्रम सह्याद्रीत भटकणाऱ्या मुंबईकरांच्या अंगवळणी पडला. पुढे दोराशिवाय, बुटक्या पण अवघड शिळांवर चढण्याचा ‘बोल्डरिंग’ हा प्रकार रुजला, आणि बेलापूरच्या टेकडीवरील नैसर्गिक शिळांवर गिरिविहारने स्पर्धा भरवण्यास सुरुवात केली. या हौशी संस्थेच्या चिकाटीमुळे मे २०१६ मध्ये बोल्डरिंगची जागतिक चषक स्पर्धा नवी मुंबईत झाली. भारतात अशी स्पर्धा होण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि २०१७ मध्येही ती पुन्हा तेथेच झाली. त्यानंतर टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, जे २०२१ मध्ये पार पडले, हा खेळ प्रथमच समाविष्ट झाला. प्रस्तरारोहणाचा एक सामाजिक गुण येथे नोंदवण्याजोगा आहे. आरोहक एकटा आला तरी दोर धरायला, ज्याला आरोहकांच्या भाषेत ‘बिले देणे’ म्हणतात, दुसरा माणूस लागतोच, आणि तो दुसरा माणूस जात, लग्न किंवा पगार विचारत नाही. तो गाठ नीट बसली आहे की नाही एवढेच पाहतो. एकट्या प्रवाशाला अनोळखी शहरात विश्वासाचे नाते इतक्या लवकर क्वचितच मिळते.

समुद्रकिनाऱ्याची गोष्ट अधिक जुनी आणि अधिक सार्वजनिक आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी निधन झालेल्या लोकमान्य टिळकांवर गिरगाव चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात मुंबईचे किनारे कायदेभंगाची ठाणी बनले. आणि गणेशविसर्जनामुळे चौपाटी ही शहराची सर्वांत मोठी मोकळी सभा ठरली. जुहूचा किनारा त्या मानाने शहराबाहेरचा होता. तेथे १९२४ मध्ये गांधीजी आजारानंतर विश्रांतीसाठी राहिले होते, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाचे विमान आणून उतरवले ते जुहूच्याच धावपट्टीवर. आणखी उत्तरेला अक्सा, मढ, मनोरी आणि गोराई येथील पुळणी कोळी आणि ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-साष्टीतील स्थानिक मराठी भाषक ख्रिस्ती, गावांच्या आश्रयाने राहिल्या, आणि मार्वेहून मनोरीला जायला आजही खाडी ओलांडणारी होडी हाच जवळचा मार्ग आहे. मुंबईच्या या किनाऱ्यांवर पोहण्याची संस्कृती फारशी नाही, आणि पावसाळ्यात ते धोक्याचेच असते. किनारा येथे बसण्यासाठी आहे. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे राहत असलेल्या शहरात दोघांना बोलायला किंवा एकाला गप्प राहायला जागा हवी असेल तर ती समुद्राकडे तोंड करूनच मिळते, आणि समुद्राकडे पाहणाऱ्या माणसाला तो कोणाची वाट पाहतो आहे असे विचारण्याची पद्धत मुंबईत नाही.

समलिंगी पुरुषांसाठी ही न विचारण्याची पद्धत दीर्घकाळ हेच एकमेव संरक्षण होते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ ने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधाला दहा वर्षांपर्यंतच्या किंवा जन्मठेपेच्या शिक्षेस पात्र ठरवले होते. या कलमाखाली खटले थोडे झाले, परंतु त्याचा धाक दाखवून पैसे उकळणे, घरी कळवण्याची धमकी देणे आणि मारहाण सोसूनही तक्रार करता न येणे, हे त्याचे रोजचे परिणाम होते. गाठीभेटी त्यामुळे स्थानकांच्या, बागांच्या आणि समुद्रकाठच्या अंधारात होत, आणि त्यांना नाव नव्हते. मराठी रंगभूमीने या विषयाला तुलनेने लवकर हात घातला: विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकाने एका स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीला मध्यवर्ती स्थान दिले, तेव्हा साल १९८१ होते. प्रत्यक्ष जीवनात मात्र स्वतःच्या नावानिशी बोलण्याचे धाडस पत्रकार अशोक राव कवी यांनी १९८६ मध्ये ‘सॅव्ही’ मासिकातील मुलाखतीत केले. त्यांनीच १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी समुदायाचे नियतकालिक सुरू केले आणि १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ची स्थापना झाली. एड्सच्या भीतीच्या त्या काळात या संस्थेने आरोग्याचे काम हाती घेतले आणि सांताक्रूझच्या वाकोला भागातील महापालिकेच्या इमारतीत तिला जागा मिळाली. ज्या संबंधांना कायदा गुन्हा मानत होता ते ठेवणाऱ्या माणसांना बसायला महापालिका खोली देते, ही घटना मुंबईच्या नागरी इतिहासात अभिमानाने सांगण्यासारखी आहे.

रात्रीच्या मेळाव्यांचा इतिहास समजण्यासाठी मुंबईच्या दारूबंदीकडेही पाहावे लागते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामुळे मद्यपान परवान्याच्या चौकटीत गेले. ‘परमिट रूम’ हा शब्द, ज्याचा अर्थ परवानाधारकांसाठी मद्य देणारी खोली असा आहे, त्याच काळाची खूण म्हणून आजही पाट्यांवर दिसतो. निर्बंध सैल झाल्यावर हॉटेले आणि पब वाढले, आणि १९९० च्या दशकात कुलाब्याच्या आर्थर बंदर रोडवरील ‘वूडू’ या पबमधील शनिवारची रात्र समलिंगी पुरुषांची म्हणून ओळखली जाऊ लागली. जागा अंधारी आणि साधी होती. पण नावगाव न सांगता आत जाता येई, आणि आत गेल्यावर पुरुषाने पुरुषाबरोबर नाचणे हे त्या चार भिंतींत नवलाचे राहत नसे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘गे बॉम्बे’ या गटाने शनिवारच्या पार्ट्यांबरोबर रविवारच्या बैठकाही भरवल्या, ज्यांत दारू आणि संगीत नसे, फक्त गप्पा असत. समलिंगी मुलांच्या आईवडिलांसाठीही या गटाने भेटी ठरवल्या. मुंबईच्या समलिंगी रात्रजीवनाचे वर्णन करताना नाचाचीच चर्चा होते, हे अन्यायाचे आहे. संगीताच्या गोंगाटात जे विचारता येत नाही ते रविवारच्या बैठकीत विचारता येई: लग्नाचा आग्रह कसा टाळावा, डॉक्टरला काय सांगावे, भाऊ बोलत नसेल तर काय करावे. बाहेरगावाहून एकट्याने आलेल्या माणसाची खरी गरज पुष्कळदा हीच असे.

ही सारी हालचाल दारांआड होती. ती रस्त्यावर आली १६ ऑगस्ट २००८ रोजी, ‘क्विअर आझादी मुंबई’च्या पहिल्या मोर्च्याने. तो दिवस शनिवार होता. मोर्चा ऑगस्ट क्रांती मैदानातून निघाला आणि गिरगाव चौपाटीकडे गेला. मार्गाची ही निवड अर्थपूर्ण आहे. ऑगस्ट क्रांती मैदान म्हणजे पूर्वीचे गोवालिया टँक, गुरांना धुण्याचा एक तलाव बुजवून झालेली मोकळी जागा, जिथे १९४२ मध्ये ‘छोडो भारत’चा उद्घोष झाला, आणि चौपाटी म्हणजे जिथे शहर शोकाला, उत्सवाला आणि कायदेभंगाला जमत आले ती पुळण. काहींनी चेहऱ्यावर मुखवटे घातले होते, कारण दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातील छायाचित्र गावी पोहोचू शकते हे त्यांना माहीत होते. पुढील वर्षी, २ जुलै २००९ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे खासगी संबंध वगळले; ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला; आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने असे संबंध गुन्हा नसल्याचे अखेर जाहीर केले. त्या खटल्यातील याचिकाकर्त्यांत केशव सुरी हे हॉटेल व्यावसायिकही होते, ज्यांच्या ‘किट्टी सू’ या क्लबने समलिंगी आणि तृतीयपंथी कलावंतांना उघडपणे मंच दिला. २०१० पासून भरणाऱ्या ‘कशिश’ चित्रपट महोत्सवाने दिवसाउजेडी, तिकीट काढून, चित्रपटगृहात एकत्र येण्याची सवय लावली.

या वाटचालीच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. मुंबईची रात्र प्रामुख्याने पुरुषांची आहे. स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांनी १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ हा आपला गट, जो पुढे ‘लेबिया’ या नावाने ओळखला गेला, उभारला तो घराघरांतील भेटींच्या आधारे, कारण रात्री उशिरा पबमधून परतणे त्यांना परवडणारे नव्हते. पार्ट्यांची भाषा इंग्रजीकडे झुकलेली असते आणि प्रवेशाचे शुल्क एखाद्या विडी कामगाराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतके असू शकते. झाडीबोली बोलणाऱ्या, म्हणजे भंडारा परिसरातील मराठीच्या बोलीत वाढलेल्या, मुलाला दारावरच आपण चुकीच्या जागी आलो असे वाटू शकते. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये स्थापन केलेल्या ‘समपथिक ट्रस्ट’ने मराठीतून केलेले लेखन आणि समुपदेशन या दृष्टीने फार मोलाचे आहे, आणि नागपूरच्या ‘सारथी ट्रस्ट’मुळे तर भंडाऱ्याच्या माणसाला साठेक किलोमीटरवरच आपल्या भाषेतले ऐकणारे कोणी मिळू शकते.

आजचा एकटा प्रवासी भंडाऱ्याहून निघतो तो वरठी येथील भंडारा रोड स्थानकावरून, कारण लोहमार्ग शहराला बाजूला ठेवून गेला. गोंदियाहून मुंबईला जाणारी विदर्भ एक्स्प्रेस त्याला सुमारे ९०० किलोमीटरवर, रात्रभराच्या प्रवासाने, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पोहोचवते. शनिवारी सकाळी बेलापूरच्या शिळांवर उन्हे चढण्याआधी जाता येते; संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर वाळू अजून कोमट असते; आणि पब रात्री दीडच्या सुमारास बंद होतात तेव्हा शेवटची लोकल निघून गेलेली असते, म्हणून अनेक जण पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसतात. त्याच वेळी, शेवटच्या कर्जतने गेलेले आरोहक पायथ्याच्या एखाद्या देवळात पथारी टाकून उजाडण्याची वाट पाहत असतात. रविवारी संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस पुन्हा पूर्वेकडे सुटते आणि सोमवारी सकाळी नागपूरच्या पुढे, धानाच्या बांध्यांतून, वरठीला येते. प्रवाशाच्या बोटांना खडकाने काढलेले सोलवटे तोवर सुकत आलेले असतात, आणि फलाटावर उतरताच कोणीतरी त्याला वडिलांच्या नावाने ओळखते.